फाटकाबाहेरचा वेळ

पेढे आले होते. भिवंडीच्या एका मोठ्या गोदामाच्या व्यवस्थापकांनी आमच्या ट्रक वाहतूक कंपनीच्या तुर्भ्याच्या ऑफिसात बॉक्स पाठवला होता आणि वर छापील चिठ्ठी: गाडी आत आल्यापासून माल उतरवून बाहेर पडेपर्यंतचा सरासरी वेळ सव्वाचार तासांवरून दोन तासांवर आला, आपल्या सहकार्याबद्दल आभार. शेठनी दोन पेढे खाल्ले, एक माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या डॅशबोर्डवर पण हिरवं दिसतंय ना?" दिसत होतं. कॉम्प्युटरवरच्या त्या तक्त्यातली ती ओळ बरेच महिने लाल होती, मग पिवळी झाली, आता छान पोपटी. तरी मला ते खुपत होतं, कारण त्याच महिन्याच्या दुसऱ्या कागदावर, आमची एकेक गाडी महिन्यात किती फेऱ्या मारते त्या रकान्यात, काडीचाही फरक पडलेला नव्हता. गाडी गोदामातून सव्वादोन तास लवकर सुटत असेल तर ते सव्वादोन तास गेले कुठे? डिझेल असतं तर म्हटलं असतं, कुणी तरी काढून विकलं.

काही तरी निमित्त काढून भिवंडीला गेले. मानकोली नाक्यावरून आत वळलं की पुढचं सगळं जगच पत्र्याचं आहे. निळ्या पत्र्यांची गोदामं, मधूनच एखादं तग धरून राहिलेलं कौलारू घर, भाताच्या खाचरांत अर्धवट टाकलेला भराव, आणि सगळ्यावर सारखाच धुरळा. वास नेहमीचे तीन: ओल्या पुठ्ठ्याचा, जळक्या क्लचचा आणि आल्याच्या चहाचा. फाटक बरंच लांब होतं तेव्हाच रिक्षावाल्याने मला उतरवलं, कारण सर्व्हिस रोडची डावी कड गाड्यांनी भरली होती आणि उरलेल्या पट्टीतून समोरासमोर आलेले दोन टेम्पो एकमेकांना मागे जायला सांगत होते. मी रांगेच्या कडेकडेने चालत निघाले. कुणी केबिनमध्ये पाय वर टाकून झोपलेलं, कुणी चाकाच्या सावलीत चटई टाकून मोबाइलमध्ये डोकं घातलेलं, एका ट्रकखाली स्टोव्हवर मिरचीची फोडणी पडलेली आणि आजूबाजूचे सगळे खोकताहेत. रांगेतली एक गाडी आमचीच निघाली. चालक पाथर्डीकडचे, वयाने माझ्या काकांएवढे.

"काका, कधीपासून उभे आहात?"

"रातच्याला तीनला लावली. म्होरं अजून पंधरा-वीस तरी असत्याल."

"पण इथे दोन तासांत काम होतं म्हणतात."

"व्हतंय की. आत गेल्यावर दोन तासांत मोकळं करत्यात, खोटं कशाला बोलू. आत घ्यायचीच मारामार हाय, ताई."

फाटकावरचा रखवालदार साधा माणूस होता. त्याच्यापुढे लांब वही, बाजूला टॅब, टॅबवर धुळीत उठलेले बोटांचे ठसे. आत डॉक, म्हणजे गाडी लावून माल उतरवायचा धक्का, मोकळा झाला की त्याला फोन येतो, मग तो पुढच्या गाडीचा नंबर टॅबवर टाकतो, आणि तिथे त्या गाडीची वेळ सुरू होते. पूर्वी येतील तेवढ्या गाड्या आत आवारात सोडत. आवार तुंबायचं, फोर्कलिफ्टला वळायला जागा नसायची, एकदा कुणाचा तरी पाय चाकाखाली जाता जाता वाचला. मग वरून हुकूम आला की ठरावीक गाड्यांपेक्षा जास्त गाड्या एका वेळी आत नकोत. सुरक्षेच्या दृष्टीने हुकूम शहाणपणाचाच होता. त्यात कुणी लबाडी केली नव्हती, कुणी आकडा फिरवला नव्हता. आवार मोकळं झालं, आतलं काम खरोखरच भराभर होऊ लागलं, आणि रांग भिंतीच्या या बाजूला आली, जिथे टॅब नव्हता. मला बघून रखवालदार उठून उभा राहिला, आत फोन केला, ऑफिसातलं बाथरूम उघडून द्यायला लावलं, पाण्याची बाटली दिली. मी गाडी घेऊन आले नव्हते, त्यामुळे माझ्यासाठी फाटक लगेच उघडलं.

घड्याळ अगदी बरोबर चालत होतं. फक्त ते सुरू कुठे करायचं, हे ठरवणारा माणूस भिंतीच्या आत बसलेला होता.

रांगेची मला लहानपणापासून सवय आहे. आम्ही मुलुंडला राहायचो, जकात नाक्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. मुंबईत रस्त्याने माल आणायचा तर मुलुंड, ऐरोली, मानखुर्द, दहिसर यांपैकी कुठल्या तरी नाक्यावर जकात भरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पालिकेचं सगळ्यांत मोठं उत्पन्न ते. संध्याकाळी क्लासवरून येताना ट्रकच्या रांगेच्या बाजूने चालत यायचं, हा रोजचा नेम. मागच्या फळ्यांवरची अक्षरं वाचत मी हिंदी शिकले म्हटलं तरी चालेल. आई नाकाला पदर लावायची आणि मला उगाचच त्या धुराचा वास आवडायचा. कांद्याच्या गाडीला उग्र गोडसर वास, सिमेंटच्या गाडीला काहीच वास नाही, मासळीची गाडी आली की रांगेतले चालकसुद्धा शिव्या घालायचे. आत खिडकीवर दलाल, पावत्या, शिक्के. ती रांग किती वेळ चाले याची नोंद कुठे होत असेल असं मला वाटत नाही. पावतीवर वेळ पडायची ती पैसे भरल्याची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली आणि ती रांग एका रात्रीत नाहीशी झाली. तेव्हा मी नुकतीच या धंद्यात आले होते. मुद्दाम रिक्षाने नाक्यावर जाऊन बघून आले. रिकामी खिडकी, वर जाळीत अडकलेल्या पावत्या, आणि अजून सवयीने वेग कमी करणारे ट्रकवाले.

गंमत अशी की भिवंडीची ही गोदामंही त्या नाक्याचीच लेकरं. जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईपासून हाकेच्या अंतरावर माल उतरवून ठेवायचा आणि गिऱ्हाईक लागेल तसा थोडा थोडा आत न्यायचा, म्हणून वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर अशा गावांत शेतं विकली गेली आणि पत्रे उभे राहिले. नाका गेला, गोदामं राहिली, वाढली, आता तिथे ऑनलाइन मागवलेल्या चपलांपासून फ्रिजपर्यंत सगळं असतं. आणि रांग, ती फक्त मुलुंडहून इकडे राहायला आली.

तर, डेटा. पेढ्यांच्या त्या महिन्यात मी आमच्या गाड्यांच्या जीपीएसचे ठिपके काढले. प्रत्येक गाडी दर काही सेकंदांनी आपण कुठे आहोत ते सांगत असते. जीओफेन्स म्हणजे नकाशावर काढलेलं काल्पनिक कुंपण. गोदामाने ते आपल्या भिंतीवरून काढलेलं होतं, त्यामुळे गाडी भिंतीच्या आत शिरेपर्यंत त्यांच्या पडद्यावर ती 'प्रवासात' असे. मी कुंपण बाजूला ठेवलं आणि एवढंच विचारलं की गोदामापासून दोन किलोमीटरांच्या आत वेग जवळजवळ शून्य असलेले ठिपके कुठे आहेत. पडद्यावर मोहरी सांडावी तसे ते सांडले. चहाची टपरी, बंद पडलेला पेट्रोल पंप, एका मंगल कार्यालयामागचं मैदान, आणि सर्व्हिस रोडची ती डावी कड, जाड काळ्या रेघेसारखी. गाड्या बाहेर सरासरी साडेचार तास उभ्या होत्या. मागच्या महिन्यांचे ठिपके काढले, तर तेव्हा बाहेर सव्वादोन तास आणि आत सव्वाचार. आता बाहेर साडेचार आणि आत दोन. दोन्ही वेळा बेरीज साडेसहा. फेऱ्या का वाढल्या नाहीत याचं उत्तर एवढं सरळ होतं की मला जरा हिरमुसायलाच झालं. इतका खटाटोप करून काही गुंतागुंतीचं निघालं असतं तर बरं वाटलं असतं.

खरं तर जीपीएसचीही गरज नव्हती. रांगेचं शास्त्र शिकताना पहिल्याच आठवड्यात जो नियम शिकवतात, जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला, तो इतका सोपा आहे की फसवल्यासारखं वाटतं: रांगेतल्या गाड्या म्हणजे तासाला आत जाणाऱ्या गाड्या गुणिले एका गाडीला रांगेत लागणारा वेळ. रखवालदाराच्या वहीत तासाला आठ गाड्या आत जाताना दिसतात. रस्त्यावर छत्तीस उभ्या आहेत. छत्तीस भागिले आठ, साडेचार तास. हातगाडीवर केळी विकणारा माणूससुद्धा दिवसातून चार वेळा रांग मोजून हे सांगू शकला असता. लाखो रुपयांची प्रणाली बसवलेल्या भिंतीच्या आतून मात्र ते दिसत नव्हतं, कारण तिथून कुणी रस्त्याकडे बघतच नव्हतं.

आमच्या धंद्यात प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं, आणि त्यात वावगं काही नाही. न्हावाशेवा बंदराचं घ्या. वर्षाला वीस फुटी मोजाने सत्तर लाखांहून जास्त डबे हाताळणारं बंदर. कंटेनरला ट्रेलरवाले डबाच म्हणतात. डब्यावर रेडिओ टॅग लावून त्याचा माग ठेवायची देशव्यापी लॉजिस्टिक्स डेटा बँक २०१६ साली इथूनच सुरू झाली. डबा जहाजावरून कधी उतरला, फाटकातून कधी बाहेर पडला, कुठल्या टोलनाक्यावरून गेला, हे आता कुणीही नंबर टाकून बघू शकतो. कस्टम्सवाले आपला वेळ वेगळा मोजतात, आणि ते एक गोष्ट प्रामाणिकपणे करतात: निर्यातीच्या वेळेचे दोन शेवट मानतात. एक, 'लेट एक्स्पोर्ट ऑर्डर' निघाली, म्हणजे सरकारचं काम झालं, तो. दुसरा, जहाज प्रत्यक्ष निघालं तो. या दोन शेवटांमध्ये केवढी तरी वाट पाहणं असतं. पहिला शेवट धरला तर निर्यात वेगाने होते. दुसरा धरला तर डबा अजून यार्डातच आहे. दोन्ही खरं. निर्यातदाराच्या डोळ्यापुढे तिसरंच घड्याळ असतं, जहाजाच्या कटऑफचं, म्हणजे डबा बंदरात पोचवायच्या शेवटच्या मुदतीचं. आणि बंदराजवळच्या करळ फाट्यावर अडकलेल्या ट्रेलरचालकाचं घड्याळ चौथं, ते कुठल्याच पडद्यावर नाही.

माझा मावसभाऊ निफाडला द्राक्षं लावतो. त्याच्या मालाचं घड्याळ सगळ्यांत निर्दयी, कारण ते मालाच्या पोटातच असतं. जानेवारी ते एप्रिल त्याच्या घरी वेगळं काही बोललं जात नाही. पहाटे तोडणी, पॅक हाऊसमध्ये बायकांचे भराभर चालणारे हात, पेटीत द्राक्षं सडू न देणारा ग्रेप गार्डचा कागद, मग प्रीकूलिंग, मग शून्य अंशाच्या आसपास ठेवलेला रीफर डबा आणि त्याला वीज पुरवत घरघरणारा जेनसेट. पेट्यांमध्ये कुठे तरी एक लहानसा तापमापक टाकतात, डेटा लॉगर. पेटी कुठल्या प्लॉटमधली ते अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट नोंदींवरून कळतं, आणि वाटेत ती कुठे तापली ते लॉगर सांगतो, पण सांगतो रॉटरडॅमला, डबा उघडल्यावर. २०२४ च्या हंगामात लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि निफाडच्या पारावर लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मांदेब सामुद्रधुनीची चर्चा ऐकू यायला लागली. आधीच्या हंगामांत वाटेतले चार तास अंगावर निघून जायचे; आता समुद्रावरचे कितीतरी दिवस वाढल्यावर त्या चार तासांना किंमत आली. भाऊ मला फोनवर म्हणाला, "ताई, तुझ्या त्या नकाशात बघ ना, गाडी घाटात किती वेळ उभी होती." मी बघून सांगितलं. घाटात नव्हती उभी, पुढे बंदराच्या अलीकडे होती, पाच तास. "मग ते मी कुणाला सांगू?" त्याने विचारलं. मला उत्तर माहीत होतं, आणि ते 'कुणालाच नाही' असं होतं, कारण त्याच्या करारात पॅक हाऊसच्या दारापुढच्या वेळेचा उल्लेखच नव्हता.

मोठ्या आकड्यांचंही हेच होतं. जागतिक बँक देशांची लॉजिस्टिक्सची, म्हणजे मालाची ने-आण आणि साठवण किती नीट चालते याची, क्रमवारी काढते. भारत २०१४ साली ५४ वा होता, २०१६ ला ३५ वा, २०१८ ला ४४ वा, २०२३ ला १३९ देशांत ३८ वा. आमच्या ऑफिसात दर वेळी त्याच्या स्लाइड बनतात, वर चढलो की मोठ्या अक्षरांत. पण रस्ते आणि बंदरं दोन वर्षांत एवढी वरखाली होत नाहीत. ती क्रमवारी मुळात या धंद्यातल्या लोकांना विचारून, त्यांच्या मतांवर बेतलेली आहे. लोकांची मतं मात्र दोन वर्षांत सहज बदलतात. २०२३ च्या अहवालात त्यांनी पहिल्यांदा डब्यांच्या प्रत्यक्ष मागोव्यातले आकडेही वेगळे दिले, आणि मला तेच वाचताना मजा आली: विशाखापट्टणमला डबा सरासरी किती दिवस पडून राहतो, तर २०१५ मध्ये ३२.४ दिवस आणि २०१९ मध्ये ५.३. याला म्हणतात सुधारणा. हा आकडा कुणाच्या मताचा नाही, डब्यांनी स्वतः दिलेली साक्ष आहे.

आणि तो दुसरा प्रसिद्ध आकडा. भारतात लॉजिस्टिक्सवरचा खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के, हे वाक्य मी इतक्या सेमिनारांत ऐकलं आहे की चहाआधी ते आलं नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. मग एनसीएईआर या दिल्लीच्या आर्थिक संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस नीट हिशोब मांडला: २०२१-२२ साठी ७.८ ते ८.९ टक्के. पुढे २०२३-२४ साठीचा अधिकृत अंदाज आला ७.९७. वर्षानुवर्षं ऐकलेला आकडा पाच-सहा टक्क्यांनी खाली आला आणि त्यासाठी कसारा घाटात एकाही ट्रकने गिअर बदलला नाही. मोजायची रीत बदलली, बस्स. माझी तक्रार नाही, नवी रीत जुन्यापेक्षा कितीतरी पारदर्शक आहे. पण खर्चाच्या हिशोबात ज्याचे पैसे कुणी तरी कुणाला तरी दिले तेच सहज उतरतं. पाथर्डीच्या काकांनी तीन वाजल्यापासून रस्त्यावर काढलेल्या तासांचे पैसे कुणी दिलेच नाहीत, तर ते तास देशाला फुकटच पडले म्हणायचे.

मराठी माणसाला या विषयावर बोलतं केलं की पाचव्या मिनिटाला डबेवाले येतात. माझ्यावर तर हे संकट प्रत्येक लग्नात येतं. "अगं, तुमच्या त्या कॉम्प्युटरपेक्षा आपले डबेवाले बघ, सिक्स सिग्मा आहेत, एक कोटी साठ लाखांत एक चूक!" मावळ-मुळशी-खेडच्या त्या माणसांबद्दल मलाही अभिमान आहे, पण या आकड्याची जन्मकथा अशी आहे: १९९८ मध्ये फोर्ब्ज मासिकाच्या पत्रकाराने त्यांच्या प्रमुखांना विचारलं, चूक कितीदा होते? ते म्हणाले, जवळजवळ नाहीच, फार तर दोन महिन्यांतून एकदा. पत्रकाराने रोजचे पावणेदोन लाख डबे धरून भागाकार केला; जाणं आणि परत येणं मिळून एक कोटी साठ लाखांत एक आलं. सिक्स सिग्मा, म्हणजे जवळजवळ बिनचूक कामाची पातळी, हा शब्द आपण वापरलाच नव्हता, असं त्यानेच नंतर सांगितलं. म्हणजे जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत फिरणाऱ्या आकड्याच्या मुळाशी एका माणसाचं नम्र उत्तर आणि दुसऱ्याचा भागाकार आहे. हे मी एका काकांना सांगितलं तर ते दुखावले, पुढे माझ्याशी जिलबीपुरतंच बोलले.

मला मात्र आकडा काढून घेतल्यावर डबेवाले जास्तच मोठे वाटतात. त्यांच्याकडे टॅब नाही, पण घड्याळ सगळ्यांचं एकच: साडेबाराच्या आसपास माणसाला भूक लागते. त्याआधी लोकल, लोकलच्या आधी वर्गवारी, वर्गवारीच्या आधी घरोघरची उचल. एक गाडी चुकली तर पुढचं सगळं कोलमडतं, त्यामुळे मधला वेळ कुणाच्या तरी भिंतीबाहेर ढकलून द्यायला जागाच नाही. आणि उशीर झाला की ज्याचा डबा तो समोर उभा असतो, त्याच माणसाकडून महिन्याचे पैसे घ्यायचे असतात. वाट पाहणारा आणि पैसे देणारा एकच. आमच्याकडे गाडीचं भाडं देणारा वेगळा, माल उतरवून घेणारा वेगळा आणि उन्हात थांबणारा तिसरा. त्यात वाराईचा वाद: माल खाली करायची मजुरी कुणी द्यायची? "ज्याचा माल त्याचा हमाल" ही वाहतूकदारांची घोषणा ऐकत मी या धंद्यात वाढले, आणि अजूनही कित्येक ठिकाणी चालकच खिशातून नोटा काढताना दिसतो. त्या नोटांची पावती नसते. पावती नाही म्हणून ओळ नाही, आणि ओळ नाही म्हणून मीटिंगमध्ये विषय नाही.

मी साडेसहा तासांची बेरीज घेऊन शेठकडे गेले. ते धंद्यातले मुरलेले आहेत, रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "सरासरी नको दाखवू. सरासरीने कुणी घाबरत नाही." बरोबर होतं. सरासरीखाली फार काही झाकलं जातं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिथे जाणारी गाडी तीन तासांत सुटते. २६ तारखेनंतर, कंपन्यांना महिन्याची विक्री कागदावर दाखवायची घाई असते तेव्हा, दहांतली एक गाडी एकोणीस-वीस तास उभी राहते. चालक घरी फोन करून सांगतो तो या दहाव्या गाडीच्या हिशोबाने. पुढचं भाडं घेताना मोटरमालकही तोच धरतो. ई-वे बिलाला, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला, दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि ते घड्याळ फाटकाबाहेर थांबत नाही. मुदत संपता संपता आमच्या ऑफिसातला पोरगा रात्री दोनला उठून ती वाढवत बसतो. त्यामुळे मी नव्या तक्त्यात सरासरी काढून टाकली आणि 'दहांतल्या नऊ गाड्या किती तासांत सुटल्या' हा एकच आकडा ठेवला. तो पाहिल्यावर पोपटी ओळ चांगली वांगी रंगाची झाली.

गोदामाच्या मीटिंगमध्ये व्यवस्थापकांनी तो तक्ता बराच वेळ पाहिला. मग त्यांनी एक खरा मुद्दा काढला: डॉक ९५ टक्के वेळ भरलेले राहिले पाहिजेत, नाही तर मुख्यालय विचारतं की एवढे डॉक बांधले कशाला. इथे मला पुन्हा रांगेचं गणित काढावं लागलं. एकच डॉक आहे, गाड्या हव्या तशा येतात आणि उतरवायलाही कधी कमी कधी जास्त वेळ लागतो असं धरलं, तर डॉक ८० टक्के वेळ भरलेला असताना गाडीला सरासरी चार गाड्या उतरवण्याइतका वेळ थांबावं लागतं. ९० टक्क्यांवर नऊ गाड्यांइतका. ९५ वर एकोणीस. डॉक अनेक असले की आकडे बरेच सौम्य होतात, पण शंभराच्या जवळ जाताना त्यांचा चढ तसाच उभा राहतो. रिकामा डॉक पाहून ज्यांना झोप येत नाही, त्यांच्यासाठी बाहेर माणसं जागी राहतात, असं काही तरी मी बोलले. शेठनी टेबलाखालून पाय दाबला. मग गाड्यांना ठरावीक वेळ द्यायचा विषय निघाला. कागदावर छानच. पण ठाण्यात अवजड वाहनांना दिवसा ठरलेल्या वेळेतच सोडतात, घोडबंदरला एक गाडी बंद पडली की सगळ्यांच्या वेळा कोसळतात, आणि वेळ चुकलेल्या गाडीने परत रांगेच्या शेपटाला जायचं की नाही यावर अर्धा तास वाद झाला. वेळ गाडी फाटकावर पोचल्यापासून मोजायची, एवढं तत्त्वतः मान्य झालं. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबल्याचे, पैसे कितव्या तासापासून आणि कुणी द्यायचे, तिथे घोंगडं भिजत पडलं.

त्या मीटिंगच्या आधी मी एक गोष्ट केली होती. चालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं होतं की त्या गोदामावर काय बदललं तर बरं पडेल. लिहून उत्तर जवळजवळ कुणी दिलं नाही, व्हॉइस मेसेज मात्र धबाधबा आले, मागे हॉर्न, मध्ये कुणाचं तरी "सांग, सांग, पाण्याचं बी सांग". मला वाटलं होतं रांग, हॉल्टिंग, वाराई येईल. ते आलंच, पण बहुतेकांनी पहिल्यांदा संडास म्हटलं. दहा-वीस तास जिथे थांबायचं तिथे ना संडास, ना नळ. टपरीवाला गिऱ्हाइकालाही मागच्या खाडीकडे बोट दाखवतो. हे कुठल्याही ठिपक्यात दिसणं शक्य नव्हतं. जीपीएसच्या लेखी गाडी जागेवर आहे आणि इंजिन बंद आहे, एवढंच. मी ते तक्त्याच्या खाली साध्या वाक्यात लिहिलं, रंग न देता. मीटिंगमध्ये त्या ओळीवर कुणी वाद घातला नाही. व्यवस्थापकांनी लगेच फोन लावून फाटकाबाहेर जागा कुठे आहे ते विचारलं, आणि खर्चाचा अंदाज आला तेव्हा त्यांचा चेहरा खुलला, कारण एका महिन्याच्या हॉल्टिंगपेक्षा तो कितीतरी कमी होता.

संडास बांधून झाला आहे, पाणीही येतं. हॉल्टिंगची चर्चा चालू आहे.